गेमच्या दुकानावर राग आहे, खातं बंद करू का?

प्रश्न थोडक्यात असा होता: ‘जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानात माझे ४३ गेम आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी विकत घेण्याच्या स्वातंत्र्याच्या नावाने गेम फुकट वाटले, तेव्हा मित्राने मला २०२० मधलं डिव्होशन या गेमचं प्रकरण सांगितलं. चीनला घाबरून एक गेम विकायला नाही म्हणालेलं दुकान आता स्वातंत्र्याच्या गप्पा मारतंय, हे बघून डोकं फिरलं. खातं डिलीट करू का? की बँकेकडून पैसे परत मागू? आणि माझ्या एकट्याच्या रागाने त्यांना काही फरक पडतो का?’

आधी माझी ओळख. गेली चौदा वर्षं मी परदेशी ऑनलाइन दुकानांचं कस्टमर सपोर्ट आणि कम्युनिटीचं काम करतोय, बहुतेक रात्रपाळीत, पुण्यात बसून. चिडलेल्या ग्राहकांची तिकिटं, म्हणजे सपोर्टकडे नोंदवलेल्या तक्रारी, वाचून त्यांना उत्तरं द्यायची, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. जीओजीसाठी मी कधीच काम केलेलं नाही. म्हणून त्यांच्याबद्दल जे जगजाहीर आहे तेवढंच बोलेन, आणि बाकीचं माझ्या टेबलावरून जसं दिसलं तसं.

झटपट उत्तर हवं असेल तर: खातं आज डिलीट करू नका. बँकेकडून पैसे ओढून घेणं तर मुळीच नको. फरक पडतो का, तर पडतो, पण तुमचा राग त्यांच्या कुठल्या रकान्यात जाऊन पडतो त्यावर ते ठरतं. हे शेवटचं जरा नीट सांगायला हवं.

डिव्होशन हा तैवानच्या रेड कँडल गेम्स या छोट्या स्टुडिओचा गेम. १९८० च्या दशकातलं तैपेईतलं एक जुनाट अपार्टमेंट, त्यातलं तिघांचं घर, आजारी मुलगी, आणि तिच्यासाठी नवससायास करता करता भलत्याच पंथाच्या नादी लागलेला बाप. भुताखेतांपेक्षा त्या बापाचीच भीती वाटते. १९ फेब्रुवारी २०१९ ला तो स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. मग चिनी खेळाडूंना एका भिंतीवर चिकटवलेला मंतरलेला कागद दिसला, आपल्याकडे दारावर यंत्र लावतात तसला. त्यावरच्या लाल शिक्क्यात जुन्या वळणाच्या लिपीत शी जिनपिंग यांचं नाव आणि त्याला जोडून विनी द पू हे अस्वल. चीनमध्ये ही तुलना इंटरनेटवरून खरवडून काढली जाते. स्टुडिओने माफी मागितली. कच्च्या कामात तात्पुरतं टाकलेलं चित्र चुकून राहून गेलं असं सांगितलं, चित्र बदललं. पण तोवर वाईट रिव्ह्यूंचा पाऊस सुरू झाला होता. आठवडाभरात गेम स्टीमवरून उतरला, आणि पुढे त्यांच्या चिनी प्रकाशकाचा व्यवसाय परवानाच रद्द झाला.

जवळपास दोन वर्षं हा गेम डिजिटल दुकानात कुठेच मिळत नव्हता. १६ डिसेंबर २०२० ला रेड कँडलने जाहीर केलं की तो १८ तारखेला जीओजीवर येतोय. त्याच दिवशी, काही तासांतच, जीओजीने ट्वीट केलं: गेमर्सकडून बरेच मेसेज आल्यामुळे हा गेम आम्ही दुकानात न ठेवण्याचं ठरवलंय.

आता तुमच्या रागाचं बघू. तुम्ही लिहिलंय ‘चीनला घाबरून’. शक्यता मलाही तीच वाटते, आणि त्या दिवशी जगभरच्या ग्राहकांना तीच वाटली. पण जीओजीने त्या ट्वीटमध्ये चीनचं नाव घेतलं नाही. त्यांनी नाव घेतलं गेमर्सचं. म्हणजे तुमचं, माझं. माझ्या मते लोक जेवढे चवताळले ते या एका शब्दामुळे. दुकानं वाकतात हे लोकांना ठाऊक असतं. उद्या एखाद्या दुकानाने सरळ सांगितलं असतं की अमुक बाजारात आमचे व्यवहार आहेत, माणसं आहेत, आम्हाला धोका पत्करायचा नाही, तर शिव्या पडल्याच असत्या, पण दोन दिवस. इथे दुकान वाकलं आणि वर म्हणालं की ग्राहकांनीच वाकवलं. घरमालकाच्या दबावाला घाबरून भाडेकरूला काढायचं आणि सोसायटीच्या फळ्यावर लिहायचं, ‘सभासदांच्या आग्रहास्तव’.

ज्या दुकानाचं नावच वेगळेपणावर चालतं, त्याला हे जास्त महागात जातं. जीओजी २००८ पासून जुने गेम कुलूप न लावता विकतंय. डीआरएम, म्हणजे कॉपीवरचं डिजिटल कुलूप, नाही; गेम उतरवून घेतला की तुमचा. फेब्रुवारी २०२० पासून तर खेळलेला गेमसुद्धा ३० दिवसांत परत करता येतो. अशा दुकानात लोक चार पैसे जास्त मोजून जातात, कारण त्यांना वाटतं की इथला मालक आपल्या बाजूचा आहे. नेहमीच्या किराणावाल्याने मापात मारलं तर जेवढं लागतं, तेवढं मॉलमधल्या चुकीच्या बिलाचं लागत नाही.

आता आतली बाजू. बऱ्याच वर्षांपूर्वी आमची टीम एका परदेशी दुकानाचं सपोर्ट बघायची. नाव सांगत नाही. एका देशाच्या सरकारी खात्याचं पत्र आलं आणि त्यांनी एक छोटा युद्धाचा गेम जगभरातून काढला, नकाशातल्या एका सीमारेषेवरून. तो आदेश नव्हता, विनंती होती. आम्हाला वरून मॅक्रो आला, म्हणजे कोणीही विचारलं तरी चिकटवायचं ठरावीक उत्तर: ‘ग्राहकांच्या प्रतिसादाचा विचार करून’. मी शोधून बघितलं. गेम काढण्याआधीच्या महिन्यात त्या नकाशाबद्दल तक्रारीची सहा तिकिटं होती, त्यातली दोन एकाच माणसाची.

काढल्यानंतर मात्र रांग तुंबली. पहाटे दोनला स्क्रीनवर नुसता लाल रंग. आता गंमत बघा. तिकीट बंद करताना एक कारण निवडावं लागायचं, यादी अशी: पेमेंट, डाउनलोड, रिफंड, खातं, इतर. या रागाला घर नव्हतं, म्हणून तो सगळा ‘इतर’मध्ये गेला. सोमवारी वर जो अहवाल जायचा त्यात ‘इतर’ची ओळच नसायची, कारण एरवी त्यात लोक वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि नोकरीचे अर्ज पाठवतात. शेकडो माणसांनी रात्र रात्र जागून लिहिलं आणि सोमवारच्या बैठकीत कोणालाच ते दिसलं नाही. बैठकीत उलट आमचं कौतुक झालं, रिफंड वाढले नाहीत म्हणून.

आमच्या शिफ्टची लीड मोठी खमकी बाई होती. तिने कोणाला न विचारता यादीत एक कारण वाढवलं: ‘काढलेला गेम’. पुढच्या सोमवारी अहवालात एक नवीनच ओळ उगवली, आणि ती डाउनलोडच्या ओळीपेक्षा उंच होती. तेव्हा पहिल्यांदा वरून फोन आला, ‘हे काय आहे?’ गेम परत आला नाही, उगाच खोटं कशाला सांगू. पण मॅक्रो बदलला. ‘ग्राहकांच्या प्रतिसादाचा’ हे शब्द गेले, ‘एका देशातल्या नियामकाच्या विनंतीवरून’ असं आलं, आणि ज्यांनी गेम आधी घेतला होता त्यांच्या लायब्ररीत तो राहील असं लेखी मिळालं.

डिव्होशनच्या बाबतीत हीच अडचण दुप्पट होती. तो गेम जीओजीवर विकलाच गेला नाही. म्हणजे कोणाकडेच ऑर्डर नंबर नाही, परत करायला काही नाही. राग केवढाही असो, त्याला रिफंडचा रकाना उपलब्धच नव्हता. त्यात वेळ बघा. जीओजी तेव्हा ज्या सीडी प्रोजेक्ट कंपनीच्या घरातलं होतं, त्यांचा सायबरपंक २०७७ हा गेम १० डिसेंबरला आलेला, जुन्या कन्सोलवर पार कोलमडलेला, आणि डिव्होशनच्या ट्वीटच्याच आठवड्यात सोनीने तो आपल्या दुकानातून काढलेला. त्या आगीत डिव्होशनचा धूर वेगळा दिसणं कठीण होतं. खरेदीवरून चिडलेला माणूस पैसे मागतो, तो मोजता येतो. तत्त्वावरून चिडलेला माणूस पैसे मागत नाही, आणि म्हणून बैठकीत तो हजर नसतो.

उलट उदाहरण ब्लिझर्ड या गेम कंपनीचं घ्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांच्या हर्थस्टोन या गेमच्या स्पर्धेनंतरच्या मुलाखतीत ब्लिट्झचंग या हाँगकाँगच्या खेळाडूने तिथल्या आंदोलनाच्या बाजूने घोषणा दिली. कंपनीने त्याला वर्षभरासाठी बाद केलं, बक्षिसाचे पैसे रोखले, मुलाखत घेणाऱ्या दोन समालोचकांनाही हटवलं. आठवडा उलटायच्या आत बंदी सहा महिन्यांवर आली आणि पैसे परत मिळाले. ग्राहकांचा राग इथेही होताच, पण त्याच्या जोडीला काय होतं ते बघा. कंपनीच्या आवारातल्या पुतळ्याभोवती ‘प्रत्येक आवाज महत्त्वाचा’ अशा अर्थाची पाटी आहे, ती कर्मचाऱ्यांनीच कागद लावून झाकली. अमेरिकी सिनेटमधले दोन्ही पक्षांचे लोक बोलले. आणि त्यांचा ब्लिझकॉन हा मोठा वार्षिक मेळा तीन आठवड्यांवर आलेला. तिकिटं विकली गेलेली, हजारो लोक समोर बसणार, माइक प्रेक्षकांच्या हातात जाणार. त्या रागाला तारीख होती, वार होता, सभागृह होतं. अध्यक्षांनी मेळ्याच्या मंचावरून माफी मागितली. सहा महिन्यांची बंदी मात्र तशीच ठेवली, हेही लक्षात घ्या.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, तिथे माझं वरचं सगळं लागू होत नाही. दुकानाला कायदेशीर आदेश आला की विनंती, हा पहिला फरक. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय हा मोबाइल गेम आपल्याकडे गूगल आणि ॲपल दोघांच्याही दुकानातून गायब झाला, तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालच्या सरकारी आदेशाने. तेव्हा आमच्या ओळखीतली पोरं प्ले स्टोअरला शिव्या घालत होती. काय उपयोग? दुकानाच्या हातातच नव्हतं. गेम मे २०२३ मध्ये परत आला तोही सरकारने तीन महिन्यांच्या चाचणीवर परवानगी दिली म्हणून. अशा वेळी प्रश्न दुकानाला नाही, आदेश देणाऱ्याला विचारायचा असतो.

गेम कोणी उतरवला हेही बघा. २०१९ मध्ये स्टीमवरून डिव्होशन स्टुडिओनेच मागे घेतला होता. स्टीमवर त्याबद्दल राग काढणारे मला आजही भेटतात. आणि दबाव आणणाऱ्या देशात दुकानाची माणसं नोकरीला असतील, तर दुकानाच्या भित्रेपणाकडे मी जरा नरमाईने बघतो. दारावर पोलीस आले तर ते मालकाच्या नाही, तिथल्या सपोर्टच्या पोराच्या दारावर येतात.

तुम्ही म्हणता ते ऑगस्टमधलं प्रकरणही थोडं वेगळं आहे. जुलै २०२५ मध्ये कलेक्टिव्ह शाउट या ऑस्ट्रेलियन गटाने पेमेंट कंपन्यांवर दबाव आणला. मग पेमेंट कंपन्यांच्या भीतीने स्टीमने नियम बदलले आणि बरेच प्रौढांसाठीचे गेम काढले. इच डॉट आयओ या दुकानाने तर तसले सगळेच शोधातून लपवले. १ ऑगस्टला जीओजीने १३ गेम ४८ तासांसाठी फुकट दिले, कायद्यात बसणारा गेम विकत घ्यायचा हक्क लोकांना असला पाहिजे असं म्हणत. ढोंग आहे का? मलाही त्या दिवशी डिव्होशनच आठवला. पण धंद्याच्या नजरेने सांगतो, मला ती यादी आवडली. कारण आता दुकानाने स्वतःच्या तोंडाने एक वाक्य बोलून ठेवलंय, आणि आम्ही सपोर्टवाले ग्राहकाच्या शिवीला घाबरत नाही, आमच्याच कंपनीच्या जुन्या वाक्याला घाबरतो. ग्राहकाने ते चिकटवलं की मॅक्रो चालत नाही, तिकीट वर पाठवावंच लागतं.

म्हणून करायचं ते असं. आधी तुमचे ४३ गेम उतरवून घ्या. जीओजीच्या गॅलेक्सी ॲपमधून नाही, वेबसाइटवरच्या लायब्ररीतून ऑफलाइन इन्स्टॉलर. मोठ्या गेमच्या बाबतीत एक सेटअप फाइल आणि नावाच्या शेवटी ‘.bin’ असलेले काही तुकडे असतात. सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवा, एक जरी राहिला तरी गेम बसत नाही. बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाका आणि एखादा बसवून बघा. हे झाल्याशिवाय खातं डिलीट करणं म्हणजे मालकावर रुसून स्वतःचं सामान त्याच्याच घरात सोडून येणं. आणि डिलीट केलेलं खातं आमच्या बाजूला कसं दिसतं सांगू? आकड्यातून एक वजा, कारण रिकामं. तो माणूस रागावला, वारला की त्याचा पासवर्ड हरवला, काही कळत नाही.

बँकेकडून पैसे ओढून घेणं, म्हणजे चार्जबॅक, हा वेगळाच खड्डा आहे. मिळालेल्या आणि खेळलेल्या गेमचे पैसे ‘व्यवहार मान्य नाही’ म्हणून परत मागणं हे बँकेशी खोटं बोलणं आहे. शिवाय बहुतेक दुकानं चार्जबॅक दिसला की खातं तपासापर्यंत गोठवतात. फसवणुकीच्या यंत्रणेला तुमची तत्त्वं वाचता येत नाहीत. गेल्या ३० दिवसांत काही घेतलं असेल आणि मनापासून नको असेल, तर सरळ नियमातला रिफंड मागा आणि कारणाच्या जागी डिव्होशन लिहा. बघा, राग रकान्यात गेला.

रिव्ह्यूमध्ये एक तारा देत सुटू नका. जीओजीवर ज्या गेमला तुम्ही तारा द्याल तो दुसऱ्याच कुठल्या तरी छोट्या स्टुडिओचा असतो. आणि डिव्होशन मुळात बुडाला तो याच हत्याराने.

मग तिकीट लिहा. मी आजवर वाचलेल्या रागाच्या तिकिटांत जे सगळ्यात वर गेलं ते चार ओळींचं होतं. वरच्या नकाशाच्या गेमचंच. एका वयस्कर गृहस्थांनी लिहिलं होतं: मी इतक्या वर्षांचा ग्राहक, माझ्या विशलिस्टमध्ये इतके गेम आहेत, तुम्ही म्हणता तो ‘ग्राहकांचा प्रतिसाद’ किती जणांचा होता ते सांगा, महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर विशलिस्ट मी दुसऱ्या दुकानात रिकामी करेन. एकही शिवी नाही, एकही उद्गारचिन्ह नाही. ते तिकीट आमच्या लीडने छापून बैठकीत नेलं. त्याच रात्री एकाने पाच हजार शब्दांचं पत्र पाठवलं होतं, चीन, रोम, ऑरवेल सगळं होतं त्यात. ते मी मनापासून वाचलं, आणि ‘इतर’मध्ये टाकलं. दुसरं काही करताच येत नव्हतं.

तुमच्या तिकिटात एकच प्रश्न ठेवा: ऑगस्ट २०२५ मध्ये जे तत्त्व तुम्ही सांगितलंत त्याप्रमाणे डिव्होशन तुमच्या दुकानात कधी येणार? पहिल्यांदा ठरावीक उत्तर येईल. त्यालाच पुन्हा उत्तर द्या, नवीन तिकीट काढू नका. पुन्हा उघडलेल्या तिकिटांची संख्या बहुतेक ठिकाणी वेगळी मोजतात आणि ती वाढली की शिफ्टच्या प्रमुखाला जाब द्यावा लागतो. उत्तर देणाऱ्या मुलावर मात्र राग काढू नका. निर्णय त्याने घेतलेला नसतो, त्याला तो तुमच्यानंतर कळलेला असतो.

शेवटी पैसे. १५ मार्च २०२१ ला रेड कँडलने स्वतःचं ऑनलाइन दुकान उघडून डिव्होशन तिथे विकायला ठेवला, तोही कुलपाशिवाय, १६.९९ डॉलरना. तो तुम्ही अजून घेतला नसेल, तर जीओजीवरच्या पुढच्या सेलमध्ये जे खर्च करणार होतात त्यातून तो घ्या. जीओजीला तुमची गेलेली खरेदी दिसेलच, कारण सेलमध्ये न आलेला जुना ग्राहक हा आकडा प्रत्येक दुकान बघतं, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांना पैसे मिळतील.

माझं खातं मी ठेवलंय, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. डिव्होशन मी पहिल्या आठवड्यातच घेतला. कार्डावर परदेशी व्यवहार बंद होता, तो बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करण्यात अर्धा तास गेला, साधारण साडेबाराशे रुपये कापले गेले. रात्रपाळी संपवून सकाळी पडदे ओढून खेळायला बसलो. तो मंतरलेला कागद शोधत होतो, म्हणजे त्याच्या जागी आता काय आहे ते बघायला. बराच वेळ भिंती न्याहाळल्या. मग मागच्या खोलीतून मुलीच्या गाण्याचा आवाज आला आणि मी कागद विसरून गेलो.